थकवा, पेंग आणि तरतरी: तिन्ही वेगवेगळं मोजायचं कसं

मागच्या वर्षीपर्यंत डॉक्टरांनी "थकवा किती, दहापैकी सांगा" असं विचारलं की मी न चुकता "सात" म्हणायचे. कधीही विचारा, सात. एकदा तर मधले दोन आठवडे मला आंघोळ बसून करावी लागत होती, तीही दिवसाआड, आणि त्याच्या आधीच्या खेपेला मी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत गेले होते, तरी दोन्ही वेळेला कागदावर सातच. धाकटा भाऊ सोबत होता, बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, तुझा सात म्हणजे बॅटरी गेलेल्या फोनचं पर्सेंटेज आहे, बघावं तेव्हा तेच." हसले मी, पण बोलला ते खरं होतं. तेव्हापासून वही सुरू केली आणि तीनचार वेळा चुकून, फाडून, परत आखून आता जी पद्धत बसलीये ती इथे सांगते.

हे मुख्यतः एमई सीएफएस म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोमवाल्यांसाठी आहे (विश्रांती घेऊनही न जाणारा, वर्षानुवर्षं टिकणारा थकवा), लाँग कोविडनंतर असाच थकवा मागे लागलाय त्यांनाही चालेल. मी डॉक्टर नाही, पाच वर्षं आजारी आहे एवढंच क्वालिफिकेशन.

आधी तीन शब्द सुटे करा

आपल्याकडे शब्द आहेत पण आपण सगळं "दमलेय" मधे कोंबतो. थकवा म्हणजे अंगात त्राण नसणं. पेंग म्हणजे झोप येणं, पापण्या जड होणं, बसल्या जागी मान पडणं. तरतरी म्हणजे डोकं जागेवर असणं, कोणी हाक मारली की लगेच ओ देता येणं, वाक्य सुरू केलं तर त्याच्या शेवटापर्यंत पोचणं. निरोगी माणसाचं कसंय, दिवसभर राबला की थकवा चढतो, मग पेंग येते, तरतरी जाते, झोपला की सकाळी सगळं जागच्या जागी. आपलं हे तिघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

रात्री दोन वाजताचं सांगते. अंग भिजलेल्या पोत्यासारखं, कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते, आणि डोळे मात्र टक्क उघडे, छताकडे बघत, झोपेचा पत्ता नाही. म्हणजे थकवा पूर्ण, पेंग शून्य. आणि त्याच वेळी तरतरी आहे म्हणावं तर फोनवरचा चार ओळींचा मेसेज तीनदा वाचला तरी काय म्हणायचंय ते कळत नाही. हे सगळं "सात" मधे कसं बसणार? आणि हे वेगळं सांगणं नुसतं शब्दांचं कौतुक नाही, डॉक्टर त्यावरून वेगळ्या दिशेला जातात. पेंग खूप असेल तर झोपेत श्वास अडकतोय का, औषधाने सुस्ती येतेय का हे बघावं लागतं. थकवा खूप आणि पेंग नाही, तर चित्र वेगळं. दोन्ही असतील तर दोन्हीकडे बघायला हवं, "सीएफएस आहे ना, होणारच" म्हणून सोडून द्यायचं नाही.

थकव्याच्या आकड्याला काम बांधा

"कसं वाटतंय" वर आकडा दिला की तो मूडवर जातो. छान पाऊस पडत असेल तर चार, कोणाशी भांडण झालं असेल तर आठ. म्हणून आकडा वाटण्याला नाही, कामाला बांधायचा. मी ० ते ५ वापरते, दहा पायऱ्या ठेवून बघितल्या पण सहा आणि सात मधला फरक ठरवण्यातच दमायला व्हायचं.

माझं असंय: शून्य म्हणजे जिना चढून वर आले आणि लगेच बोलू शकले (हा आकडा वहीत अजून एकदाही आलेला नाही, पण ठेवलाय). एक म्हणजे उभ्याने आंघोळ आणि पाठोपाठ केस विंचरणं, मधे न बसता. दोन म्हणजे केस विंचरताना हात मधेच खाली घ्यावा लागला. तीन म्हणजे आंघोळ स्टुलावर बसून आणि नंतर अर्धा तास आडवं. चार म्हणजे बसून जेवता येतंय पण जेवता जेवता बोलता येत नाही, दोन्हीपैकी एकच. पाच म्हणजे पाण्याचा ग्लास उचलण्याआधी विचार.

यातलं केस विंचरणं सगळ्यात कामाचं निघालं. हात डोक्याच्या वर धरून ठेवायला किती ताकद लागते ते निरोगी माणसाला कळतच नाही. मी कंगव्याचे हात मोजते, मनातल्या मनात. बऱ्या दिवशी चाळीस सलग होतात, वाईट दिवशी बाराव्याला खांदा भरून येतो आणि हात आपोआप मांडीवर येतो. यात वाटण्याबिटण्याचा प्रश्नच नाही, बारा म्हणजे बारा.

तुमची कामं तुम्ही घाला, माझी उचलू नका, केस बारीक असतील तर कंगवा काय उपयोगाचा. फक्त काम असं निवडा की जे तसंही रोज करायचंच आहे. मोजण्यासाठी म्हणून वेगळी मेहनत करायची नाही, हा नियम पुढे पण लागणारे. आणि ही शिडी मधल्या दिवशी लिहा, फार बऱ्या दिवशी लिहिलीत तर वाईट दिवसांची नीट आठवण होत नाही आणि क्रॅशमधे (म्हणजे जास्त श्रम झाल्यानंतर सगळं एकदम बिघडतं त्या दिवसांत) लिहिलीत तर सगळंच पाच वाटतं.

तयार प्रश्नावल्याही आहेत, त्या महिन्यातून एकदा भरायला ठीक, रोजच्यासाठी नाहीत. फटीग सिव्हिरिटी स्केल १९८९ सालचं, नऊ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७, सरासरी ४ च्या पुढे गेली की थकवा आयुष्यात आडवा येतोय असं साधारण धरतात. चाल्डर स्केल पण बऱ्याच ठिकाणी भरून घेतात, ११ प्रश्नांचं, पण माझं त्याच्याशी पटत नाही. त्यात उत्तरं अशी आहेत की नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकं, नेहमीपेक्षा जास्त, खूप जास्त. आता पाच वर्षं आजारी असलेल्या माणसाचं "नेहमी" म्हणजे कुठलं? आजाराच्या आधीचं धरलं तर सगळीकडे "खूप जास्त" येतं आणि मग अजून बिघडलं तरी स्कोअर वर जायला जागाच नाही, आणि आत्ताचं धरलं तर कागदावर आपण ठणठणीत. भरायला दिलंच तर वर लिहून टाका की तुम्ही कुठलं "नेहमी" धरलंय. बेल स्केल त्यामानाने सरळ आहे, ० ते १०० दहाच्या टप्प्यांनी, शंभर म्हणजे काही त्रास नाही आणि शून्य म्हणजे अंथरुणातून उठता येत नाही. डॉक्टरांना एका आकड्यात सांगायचं असेल तर ते बरं पडतं.

पेंग

पेंग मोजायला दोन गोष्टी. एक आत्ताची पेंग, एक एकूण पेंगण्याची सवय.

आत्ताच्यासाठी कॅरोलिन्स्का स्केल, १९९० सालचं स्वीडनमधलं, १ ते ९. एक म्हणजे एकदम टक्क जागं, तीन म्हणजे जागं, पाच म्हणजे ना धड जागं ना पेंगलेलं, सात म्हणजे झोप येतेय पण जागं राहायला जोर लावावा लागत नाही, नऊ म्हणजे झोपेशी झटापट चाललीये. गंमत म्हणजे हे फक्त मागच्या पाच मिनिटांबद्दल विचारतं, "आज दिवसभर" नाही, म्हणून उत्तर पटकन देता येतं आणि खोटं बोलता येत नाही. मी वहीत एवढाच आकडा लिहिते.

सवयीसाठी एपवर्थ स्केल. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मधे काढलं. आठ प्रसंग आहेत: बसून वाचताना, टीव्ही बघताना, सार्वजनिक ठिकाणी नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत प्रवासी म्हणून, दुपारी आडवं पडल्यावर, कोणाशी बसून बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर (दारू न घेता) आणि गाडी ट्रॅफिकमधे दोनचार मिनिटं थांबलेली असताना. प्रत्येक ठिकाणी डुलकी लागायची शक्यता ० ते ३. बेरीज २४ पर्यंत जाते, १० च्या वर गेली तर दिवसा पेंग जास्त आहे समजून झोपेच्या डॉक्टरांशी बोलायचं. इथे एक घोळ होतो. आपल्यातले बरेच जण महिनोन्महिने बाहेरच गेलेले नसतात, मग "सार्वजनिक ठिकाणी" ला शून्य टाकतात. तसं नाही, तिथे असतो तर काय झालं असतं हे अंदाजाने लिहायचं. दुसरा घोळ म्हणजे पहिल्यांदा भरताना मी "डुलकी" च्या जागी "थकवा" वाचत गेले आणि स्कोअर आला १९. परत नीट वाचून भरला तर ६. दमून डोळे मिटून पडणं म्हणजे डुलकी नव्हे.

आणि ६ आला म्हणजे आजार हलका असंही नाही. एपवर्थ फक्त पेंग मोजतं.

कॅरोलिन्स्काचा आकडा सात किंवा वर असेल त्या दिवशी गाडी चालवू नका, हे सांगायला लागू नये पण सांगते.

तरतरी: पट्टी घ्या

इथे मला खरी मजा आली, कारण तरतरी अशी एकच गोष्ट आहे जी आपल्याला स्वतःला नीट कळत नाही. डोकं मंद झालंय हे ओळखायला जे डोकं लागतं तेच मंद झालेलं असतं. म्हणून विचारायचं नाही, टेस्ट करायची.

संशोधनात त्याला सायकोमोटर व्हिजिलन्स टास्क म्हणतात, पीव्हीटी. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी १९८५ मधे मांडली. स्क्रीनवर २ ते १० सेकंदांच्या अंतराने, कधी येईल ते न सांगता खूण येते, दिसली की बटण दाबायचं, दहा मिनिटं हेच. त्यात सरासरी वेगापेक्षा महत्त्वाचं असतं ते किती वेळा चुकलात, म्हणजे ५०० मिलीसेकंद, अर्धा सेकंद, त्यापेक्षा उशीर किती वेळा झाला. कारण थकलेला मेंदू सतत हळू नसतो, तो बराच वेळ बरा चालतो आणि मधेच बत्ती जाते. हे वाचल्यावर मला माझीच स्टोरी वाचल्यासारखं झालं. पण दहा मिनिटं स्क्रीनकडे टक लावणं म्हणजे आपल्यासाठी स्वतःच एक काम आहे, मी दोनदा केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच किंमत अंगाने मोजली. तीन मिनिटांची छोटी आवृत्ती आहे, फोनवर अ‍ॅप पण मिळतात, करायचीच तर ती करा, नेहमी त्याच फोनवर त्याच बोटाने, कारण प्रत्येक फोनचा टच कमीजास्त उशिरा लागतो आणि आज या फोनवर उद्या त्या टॅबवर केलंत तर आकड्यांना अर्थ नाही.

मी मात्र पट्टीवर आले. शाळेतली ३० सेंटिमीटरची. समोरच्याने पट्टी वरच्या टोकाला धरायची, शून्याचं टोक खाली, आपण अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी उघडी ठेवायची, पट्टीला न लावता, हात टेबलाच्या कडेला टेकवून. समोरचा न सांगता सोडतो, आपण पकडायची, अंगठ्याच्या वरच्या कडेला किती सेंटिमीटर आलं ते वाचायचं. सहा वेळा. पहिला फेकून द्यायचा, उरलेले पाच चढत्या क्रमाने लावून मधला लिहायचा. सरासरी नको, एक जरी वेडावाकडा आला की सरासरी घसरते. आणि पट्टी पूर्ण हातातून सुटून खाली पडली तर ते वेगळं लिहायचं, "सुटली १", "सुटली २". माझ्या वहीत सगळ्यात बोलका आकडा हाच आहे.

वेळेत बघायचं असेल तर पट्टी पडते त्याचं साधं गणित आहे: १० सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.१४ सेकंद, १५ म्हणजे ०.१७, २० म्हणजे ०.२०, २५ म्हणजे ०.२३ आणि ३० म्हणजे ०.२५. पट्टी खाली येता येता वेग घेते ना, त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी वेळ दुप्पट होत नाही. पण वहीत सेंटिमीटरच लिहा, भागाकार करत बसायला कोणाला जीव आहे.

पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका, सवयीने ते सुधारतात आणि आपल्याला वाटतं बरं वाटायला लागलं. माझे २३ वरून १८ वर आले, मी खूश, भाऊ म्हणाला "ताई तू माझ्या खांद्याकडे बघतेस, सोडायच्या आधी तो हलतो." तेव्हापासून तो पाठीमागून हात पुढे घालून सोडतो.

एकटे राहत असाल तर पट्टी जमणार नाही, मग साधं करा: रोज एकच वेळ, कुठलाही नवा मजकूर, अर्धं पान, किती वेळा मागे जाऊन परत वाचावं लागलं ते मोजा. शास्त्रीय नाहीये, पण काही नसण्यापेक्षा बरं.

कधी

उठल्या उठल्या नाही. जाग आल्यावर पहिला अर्धा तास मेंदू अजून झोपेतून बाहेर येत असतो, निरोगी माणसाचाही, त्यामुळे तेव्हाचा आकडा आजाराचा नसून नुसत्या जाग येण्याचा असतो, आणि आपल्यात हा वेळ बराच लांबू शकतो. दुपारी जेवणानंतर सगळ्यांनाच सुस्ती येते, तीही टाळा. मी अकरा आणि साडेपाच धरलंय. चहा कॉफी घेत असाल तर मोजायच्या आधी घ्यायची की नंतर ते एकदा ठरवा आणि तसंच ठेवा, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. गोळी बदलली, सर्दी झाली, पाळी आली, की तारखेपुढे खूण करा, बस.

एकूण वेळ दोन मिनिटं. तीनच्या वर जायला लागलं की काहीतरी कमी करा.

घड्याळ आणि नाडी

हातातलं स्मार्ट घड्याळ असेल तर त्यातून दोनच गोष्टी घ्या, पावलं आणि सकाळची पडल्यापडल्याची नाडी. झोपेचा स्कोअर आणि ते "तुमची एनर्जी ८२ टक्के" वगैरे सोडून द्या. आपण दुपारी तीन तास डोळे उघडे ठेवून निपचित पडलेलो असतो आणि ते खुशाल लिहितं "झोप ३ तास, छान!" त्याला हालचाल कळते, जाग कळत नाही.

नाडीचा एक उपयोग मात्र आहे. सात दिवसांची सकाळची नाडी घ्या, सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. पेसिंग करणारे, म्हणजे अंगातल्या ताकदीच्या मर्यादेत राहून कामं बेतणारे, बरेच जण ही दिवसभराची लक्ष्मणरेषा धरतात, तिच्या वर गेलं की बसायचं. माझी ६८ आहे, म्हणजे रेषा ८३, आणि पहिल्याच दिवशी कळलं की मी दात घासताना ९६ वर असते. तेव्हापासून दात बसून घासते. बीटा ब्लॉकर (बीपी, हृदयासाठीची एक प्रकारची गोळी) घेत असाल तर हे गणित चालत नाही, ते नाडी दाबून ठेवतं.

उभं राहिल्यावर जास्त त्रास होत असेल तर भिंतीची टेस्ट असते, आधी पडून नाडी आणि बीपी, मग भिंतीला पाठ टेकून टाचा जरा पुढे ठेवून दहा मिनिटं उभं, दर मिनिटाला नाडी आणि बीपी. मोठ्या माणसात नाडी ३० ने किंवा जास्त वाढली आणि तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं, १२ ते १९ वयात ४० ने. ही रोज करायची नाही, एकदाच, आणि कोणीतरी शेजारी उभं पाहिजे, चक्कर येऊन पडतात लोक.

वही वाचायची कशी

इथे सगळे चुकतात, मी पण चुकले, सहा महिने. आजचा आकडा वाईट आला की आपण आज काय केलं ते शोधतो. पण या आजारात फटका उशिरा बसतो. पोस्ट एक्झर्शनल मलेज, पीईएम, आपण क्रॅश म्हणतो ते, बऱ्याचदा १२ ते ४८ तासांनी येतं. २०१५ च्या अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या रिपोर्टमधे हे लक्षण निदानासाठी आवश्यकच धरलंय. म्हणून वही आडवी नाही, तिरकी वाचायची: आजचा आकडा आणि त्याच्यासमोर परवा आणि काल काय केलं.

माझ्या वहीतला एक आठवडा जसाच्या तसा देते. सोमवार ११ वाजता थकवा २, पेंग ३, पट्टी १८. दुपारी एका राहिलेल्या कागदपत्रासाठी फोन, ५० मिनिटं, पूर्ण वेळ पडूनच. साडेपाचला थकवा २, पट्टी १७, म्हणजे उलट सुधारली! मंगळवार थकवा २, पट्टी २१, संध्याकाळी चार कपडे घडी केले. बुधवार थकवा ४, पेंग ३, पट्टी सुटली २, घसा दुखतोय. गुरुवार थकवा ४, पट्टी केली नाही.

बुधवारी मी कपड्यांना शिव्या घातल्या. चार कपडे! पण नंतर मागची पानं चाळली तर कपडे मी आधी पण आठनऊ वेळा घडी केलेले होते आणि काही झालेलं नव्हतं, आणि लांब फोन तीन वेळा झालेले होते आणि तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी थकवा ४. पडून बोलले म्हणून मी तो "आराम" या रकान्यात लिहीत होते. डोक्याचं काम पण कामच आहे, आणि वाद घालायला लागणारा फोन तर जिन्यापेक्षा महाग.

अजून दोन गोष्टी दिसतील. सोमवारी संध्याकाळी पट्टी सुधारली ती खरी तरतरी नव्हे, जोर लावल्यावर अंगात जी एक खोटी हुशारी येते ती. माझ्या बाबतीत संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा अचानक चांगला आला तर ती धोक्याची खूण निघाली, तेव्हा मी दुसऱ्या दिवशीची कामं आधीच काढून टाकते. आणि मंगळवारी थकवा तोच होता पण पट्टी १८ ची २१ झाली होती. म्हणजे अंगाच्या आधी डोक्याने सांगितलं. सगळ्यांचं असं असेलच असं नाही, तुमचं कोण आधी बोलतं ते बघा, दोन महिन्यांत कळतं.

महिन्याची सरासरी काढू नका. सरासरीत चार क्रॅश आणि सव्वीस बरे दिवस मिळून "ठीकठाक" होतं. क्रॅश किती, प्रत्येक किती दिवसांचा, आणि दोन क्रॅशमधे किती अंतर, हे तीन आकडे काढा.

आणि वही बरी दिसतेय म्हणून "चला, रोज थोडं थोडं वाढवू" करू नका. ब्रिटनमधे उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ च्या गाइडलाइनमधे एमई सीएफएससाठी ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची थेरपी काढूनच टाकली. वही आपली मर्यादा कुठाय ते दाखवायला आहे, ती ढकलायला नाही.

क्रॅशमधे

काही मोजायचं नाही. कॅलेंडरवर "क्र" एवढं एक अक्षर, तेही घरच्यांनी लिहावं. माझा भाऊ एक रकाना स्वतःच भरतो, मला न विचारता, "आवाज" म्हणून. बरा, बसलेला, अर्धी वाक्यं. मला पहिल्यांदा राग आलेला, माझ्यावर पाळत कशाला म्हणून, पण त्याचं "अर्धी वाक्यं" माझ्या चारच्या एक दिवस आधी येतं हे तीनदा झाल्यावर गप्प बसले. तुमच्याकडे असं कोणी असेल तर त्यांना एकच रकाना द्या, सगळी वही देऊ नका, नाहीतर सकाळ संध्याकाळ "आज किती?" सुरू होतं.

डॉक्टरांकडे वही घेऊन जाऊ नका, कोणाला वेळ नसतो. एक पान न्या: मागच्या महिन्यातले क्रॅश आणि त्यांचे दिवस, एपवर्थचा स्कोअर, सर्वात वाईट आणि सर्वात बऱ्या दिवशी काय करता आलं ते एकेका ओळीत, नवीन काही लक्षण असेल तर ते सगळ्यात वर. थकवा अचानक बदलला, वजन उतरायला लागलं, ताप राहिला, छातीत दुखलं, तर वहीत रकाना शोधत बसू नका, थेट दाखवा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी १२ सारख्या साध्या गोष्टी या आजाराच्या जोडीला पण होऊ शकतात.

तीन आठवडे झाले की जो रकाना काही सांगत नाही तो काढून टाका. माझा "झोपेचे तास" गेला, कारण सहा तास झोपले काय आणि नऊ तास झोपले काय, सकाळी अकराचा आकडा तोच यायचा. त्याच्या जागी "उठल्यावर ताजं वाटलं का" एवढं हो किंवा नाही ठेवलंय. तीन महिन्यांत दोनदा "हो" आलंय, दोन्ही वेळा आदले दोन दिवस घरात कोणी आलेलं नव्हतं. आता पुढच्या महिन्यात पाहुण्यांचा रकाना आखून बघणारे, भावाला अजून सांगितलेलं नाही.